टेक्श्चर केलेल्या भिंतीची घरच्या घरी दुरुस्ती केली तर ठिगळ दिसणारच का?

नाही, दिसायलाच हवं असं नाही. तुम्ही लिहिलंय की पोपडे निघाले तिथे पुट्टी भरून, घासून, वर उरलेला जुना रंग लावला, तरी तो भाग लांबून ओळखू येतो. माझ्याही बैठकीच्या खोलीत हेच झालं होतं. तिथे मी रंगाचे एकावर एक तीन हात दिले, पण डाग तसाच राहिला. मग रात्री टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरली तेव्हा खरं कारण कळलं. सगळ्या भिंतीवर उंचवट्यांच्या बारीक सावल्या पडत होत्या आणि मधला तळहाताएवढा भाग मात्र सपाट चकचकत होता. म्हणजे कमी पडला होता तो पोत, रंग नव्हे.

पण पोत जुळवण्याआधी पोपडे का आले ते बघा. त्या जागी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्का बसवा आणि दिवसभर तसाच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल आतून येतेय. तसं असेल तर गळती बंद होऊन भिंत सुकेपर्यंत पुट्टीला हात लावू नका, सगळी मेहनत फुकट जाते. बोटाच्या पेराने ठोकूनही बघा. आवाज पोकळ आला तर तेवढा गिलावा सुटलाय, तो काढावाच लागतो. आणि घर खूप जुनं असेल तर कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, काही देशांतल्या जुन्या टेक्श्चरमध्ये तर ॲस्बेस्टॉसही. आधी तपासून घ्या, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

सुटलेलं सगळं खरवडलं की कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा, धूळ पुसा आणि मग पुट्टीचे पातळ थर द्या, आधीचा पूर्ण वाळल्यावर पुढचा. इथे एक गोष्ट बहुतेकांची चुकते, माझीही चुकली होती. पुट्टी उंचवट्यांच्या बरोबरीने भरायची नसते. खोलगट भागाच्या पातळीला थांबायचं, कारण पोत त्याच्यावर चढणार आहे. वरपर्यंत भरली तर पोत दिल्यावर ती जागा फुगलेली दिसते.

आता पोत. जुना नमुना कशाने उठवलाय ते नीट न्याहाळा. बारीक दाणे सारखे असतील तर रोलर, विस्कळीत छिद्रं असतील तर स्पंज, समांतर रेघा असतील तर ब्रश किंवा दातेरी पट्टी. मग पुठ्ठ्यावर सराव करा. हे टाळू नका, मला पाच पुठ्ठ्यांनंतर जमलं. पुट्टी पट्टीवरून ओघळणार नाही इतपत घट्ट हवी. स्पंज टेकवा, सरळ मागे उचला, आणि दर वेळी मनगट थोडं फिरवा, नाहीतर एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटतो आणि डोळ्याला लगेच खटकतो. दुरुस्तीची कड गोल किंवा चौकोनी ठेवू नका. ओल्या स्पंजने ती जुन्या पोतात वेडीवाकडी विरवून टाका. मनासारखं झालं नाही तर ओलं असतानाच खरवडून पुन्हा करा. टॉर्च मात्र शेवटपर्यंत आडवीच धरा.

वाळल्यावर प्रायमर लावाच. कच्ची पुट्टी रंग जास्त शोषते आणि तो भाग निस्तेज दिसतो. तेवढीच जागा रंगवूनही भागणार नाही. डबा तोच असला तरी भिंतीवरचा रंग इतक्या वर्षांत बदललेला असतो, म्हणून ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा. रोलर लांब लवेचा घ्या, आखूड लवेचा खळग्यांत पोचत नाही. आधीची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडा. पृष्ठभाग खडबडीत असल्याने सपाट भिंतीपेक्षा रंग जास्त लागतो, तो आधीच हाताशी ठेवा. चकाकी नसलेला, मॅट रंग निवडलात तर उरलेसुरले दोषही झाकले जातात.

पोत कसा उठवलाय ते ओळखता येत नसेल तर प्रश्नाखाली फोटो टाका, पण खोलीतले दिवे बंद करून आणि टॉर्च बाजूने धरून काढलेला. समोरून फ्लॅश मारला की पोत दिसतच नाही.