कोपऱ्यातला वक्र बास हॉर्न: आधी आकडे, मग करवत

खानापूरच्या जुन्या घरात 12 इंची स्पीकरवर 40 हर्ट्झपर्यंत उतरणारा वक्र हॉर्न (स्पीकरपुढचा, रुंदावत जाणारा वळणदार बोगदा) बसेल का आणि लांबी 1 मीटरवर आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. बसेल. पण लांबीला कात्री लावू नका, 40 चा बास तिथेच जातो.

40 हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल (ठरावीक अंतराला दुपटीने रुंदावणाऱ्या) हॉर्नच्या छेदाचं क्षेत्रफळ दर 47.5 सेंमीला दुप्पट व्हावं लागतं. मोकळ्यावर तोंड जवळपास 6 चौ.मी. लागेल, कोपऱ्यात त्याचा आठवा भाग, म्हणजे 0.74 पुरतं. जांभ्याच्या जाड भिंतींचा कोपरा बघा. प्लायचं पार्टिशन स्वतःच थरथरतं आणि बास खातं.

घसा, म्हणजे स्पीकरकडचं अरुंद टोक, स्पीकरच्या शंकूच्या निम्मा, 265 चौ.सेंमी धरा. आतली रुंदी सगळीकडे 60 सेंमी ठेवली की फक्त फट (समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर) वाढवायची: 4.4 पासून दर 47.5 सेंमीला 8.8, 17.7, 35, 71 आणि 2.29 मीटरवर 124 सेंमी. लांबी नेहमी मधल्या रेषेवर मोजा. बाहेरच्या भिंतीवर मोजली की हॉर्न आखूड होतो.

वळणांकडे नीट लक्ष द्या. पूर्ण उलट्या (180 अंशांच्या) वळणात आतल्या-बाहेरच्या वाटेत फटीच्या 3.14 पट फरक पडतो. फट 17 असेल तर 53 सेंमी, 200 हर्ट्झला चालतो (अर्धी लहर 86). फट 35 झाली की फरक 110 सेंमी, तिथे वरचे बासचे सूर एकमेकांना मारतात. म्हणून उलटं वळण फट 18 व्हायच्या आत उरका, पुढे फक्त काटकोनी वळणं.

बाजू 18 मिमी मरीन प्लायच्या. वक्र भिंतीला फ्लेक्सी प्लायचे दोन थर गोंदाने एकावर एक, मागे दर 15 सेंमीला फासळी. खाचा पाडून वाकवलेला प्लाय पुढे गुणगुणतो. या फासळ्यांमधल्या पोकळीत तव्यावर भाजून गार केलेली वाळू भरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली वाळू प्लाय कुजवते.

स्पीकर घेताना त्याच्या माहितीपत्रकातल्या एफएसची (शंकूची नैसर्गिक वारंवारता) दुप्पट भागिले क्यूटीएस (शंकूची हालचाल किती आवरली जाते तो आकडा) करा, हॉर्नवर तो वर कुठपर्यंत वाजेल ते कळतं: 35 आणि 0.3 असेल तर 233 हर्ट्झ, ठीक. गाडीतला 30 आणि 0.6 वाला सबवूफर 100 वरच दमतो.

स्पीकरच्या मागची पेटी हवाबंद हवी: 2.9 × घसा × दुपटीची लांबी, म्हणजे 36.5 लिटर. यात शंकूच्या लवचिकतेचाही वाटा असतो, म्हणून व्हीएएस (शंकूइतकीच लवचिक हवा किती लिटर ते सांगणारा आकडा) 100 लिटर असेल तर पेटी 58 ची करा. हळू आवाजात 30 हर्ट्झ वाजवत सांध्यांवर अगरबत्ती फिरवा, धूर हलला तिथे गळती आहे. 35 हर्ट्झखालचे सूर अडवणारा, दर सप्तकाला 24 डीबीचा हाय-पास फिल्टर लावाच. कटऑफखाली (इथे 40 हर्ट्झखाली) हॉर्नचा भार सुटतो आणि शंकू फडफडून फाटतो.