कॅल्शियम जास्त, तरी कॅल्शियमच्या गोळ्या?

प्रश्न : माझं वय 56. प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांत दोनदा मूतखडा झाला, म्हणून रक्त तपासलं. कॅल्शियम 11.6 आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीतून येणारं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक) 168 निघालं, दोन्ही जास्त. स्कॅनमध्ये डावीकडच्या खालच्या पॅराथायरॉइड ग्रंथीत गाठ दिसली. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. कॅल्शियम वाढलंय म्हणून मी दूध-दही सोडलं, तर डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर कॅल्शियमच्याच गोळ्या घ्यायच्या! हे कोडं सुटत नाही. आवाज जाईल अशीही धास्ती आहे. आणि मी घरी आल्यावर मुलीने रजा काढून सोबत राहायला हवं का?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी दूध-दही नेहमीइतकं पुन्हा सुरू करा. तुमच्या रक्तात चढलेलं कॅल्शियम दुधाच्या पेल्यातून आलेलं नाही, ते मुख्यतः तुमच्या हाडांतून निघालंय. खाण्यातलं तोडलं तर ती ग्रंथी आणखी जोर करते.

मी 26 वर्षं शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. मानेचं ऑपरेशन झालेल्या कितीतरी रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या आहेत. म्हणून ऑपरेशनपेक्षा त्यानंतरच्या आठवड्याबद्दलच मला जास्त बोलायचंय.

थायरॉइडच्या मागे सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. नावात थायरॉइड असलं तरी यांचं काम वेगळं : रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. तुमची एक ग्रंथी बेभान होऊन पीटीएच सोडत राहिली. रक्तात कॅल्शियम भरपूर, त्यामुळे बाकीच्या तिघी झोपी गेल्या. गाठ काढली की पीटीएच काही मिनिटांतच उतरतं. इतकं झपाट्याने, की अनेक ठिकाणी गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात. पातळी निम्म्याहून खाली आली, तर दोषी ग्रंथी सापडली असं मानतात. आता उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढू लागतात, आणि झोपलेल्या तिघींना जाग यायला दिवस, कधी आठवडे लागतात. मधल्या काळात रक्तात कॅल्शियम कमी पडतं. गोळ्या त्यासाठी.

हे कमी पडणं बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. एका बाईंच्या बोटांना तिसऱ्या रात्री मुंग्या आल्या. हात अंगाखाली आला असेल असं समजून त्या झोपून गेल्या. पहाटे परत आणलं तेव्हा बोटं आखडून एकमेकांना चिकटली होती, अंगठा तळहातात वळला होता. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर हात सुटले. घरी सोडताना आम्ही त्यांना गोळ्यांचा कागद दिला होता, मुंग्यांचा अर्थ सांगितला नव्हता. ती चूक मला आजही बोचते. तुम्हाला म्हणून सांगते : ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, की जादा गोळी किती घ्यायची हे घरी निघण्यापूर्वीच लिहून घ्या. तरी मुंग्या थांबल्या नाहीत किंवा हातपाय आखडले, तर उजाडायची वाट पाहू नका. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा पाणी भरपूर.

पाणी आतापासूनच वाढवा. ड जीवनसत्त्व तपासलंय का, हे विचारा. ते कमी असेल तर आधी भरून काढलेलं बरं, नंतरचा त्रास हलका होतो. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या कॅल्शियम चढवतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. मात्र स्वतःहून काही बंद करू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. त्याने पीटीएचचा आकडा चुकू शकतो.

आवाजाची भीती मी उडवून लावणार नाही, तुमची तर रोजीरोटी त्यावर आहे. स्वरयंत्राची नस या ग्रंथींना खेटून जाते. अनुभवी हातांत कायमची इजा फार क्वचित होते. शिक्षिका आहात हे सर्जनना सांगा आणि स्वरतंतूंची तपासणी आधीच करून घ्या. भुलीच्या नळीने घसा काही दिवस बसतो, ते वेगळं. दोन आठवडे तरी वर्गात ओरडायचं नाही.

मान फुगली किंवा श्वास घ्यायला जड झालं, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जा. असं झालंच तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतं.

थकवा कधी जाईल, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कुणाला आठवड्यात हुरूप येतो, कुणाला महिने लागतात. सहा महिन्यांनीही कॅल्शियम जागेवर असेल तर ऑपरेशन यशस्वी धरतात. ती तपासणी चुकवू नका.

आणि हो, मुलीला रजा काढू द्या. एकच आठवडा मिळत असेल तर तो ऑपरेशनच्या आधी खर्ची घालू नका. तुम्ही घरी आल्यावर पहिल्या चार रात्री तिने तुमच्याच खोलीत झोपावं, आणि दिवा लावून एकदा तरी विचारावं, "आई, बोटांना मुंग्या येताहेत का?"