मागून टेम्पोने ठोकलं, चूक त्याचीच. मग क्लेम माझ्या विम्यातून का करायचा?

सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला टेम्पोने मागून ठोकलं, बंपर आणि डिकी गेली, टेम्पोचा विमा चालू आहे, तर क्लेम कुणाच्या कंपनीकडे करायचा, असं तुम्ही विचारलंय. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर आपल्याच. ऐकून राग येतो, मलाही आला होता. पण टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यातून, भरपाई हवी असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. एका बंपरसाठी तारखांवर तारखा कोण घेणार?

आपल्या विम्यातून क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांगणिक हप्त्यात वाढत जाणारी सूट, जातो. चूक कुणाची होती, हे तिथे कुणी विचारत नाही. म्हणून आधी हिशेब करा.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर मलाही असंच मागून ठोकलं होतं. माझा बोनस ३५ टक्के होता. क्लेम केला नसता तर पुढे ४५, मग ५०. केला तर शून्य, आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढत जायचं. दरवर्षीचा फरक (४५, ३०, २५, १५, ५) जोडला तर सगळा मिळून १२० टक्के होतो. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, मूळ हप्ता ८,००० होता, म्हणजे ढोबळमानाने ९,६०० रुपयांचं नुकसान (बोनस फक्त याच भागावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही).

आणि दुरुस्ती? १३,०००. झीरो डेप (घसारा कापू न देणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेलं संरक्षण) घेतलेलं नव्हतं, त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरला ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, वर क्लेममागे ठरलेले १,००० रुपये आपल्या खिशातून. हातात आठेक हजार आले असते. मी क्लेम केलाच नाही. टेम्पोमालकाने घासाघीस करून ६,००० दिले, ते घेतले.

तुमची डिकी गेलीय, म्हणजे पत्राकाम आलं. खर्च चाळीस-पन्नास हजारांवर गेला तर बिनदिक्कत क्लेम करा. क्लेम केला तरी बोनस वाचवणारं बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलंय का, तेही पॉलिसीत बघा, आपण काय विकत घेतलंय हे आपल्यालाच आठवत नसतं.

जागेवरच दोन्ही गाड्यांचे नंबरप्लेट दिसतील असे फोटो काढलेत ना? कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक नटही सोडू देऊ नका. ‘साहेब, मी खोलून ठेवतो, वेळ वाचेल,’ असं तो म्हणणारच. कंपनीने क्लेम नाकारला किंवा फारच कापला तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे.

मान दुखतेय असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते आधी तेच बघायला हवं. टेम्पोवाल्याशी ‘मिटवलं’ असं काहीही लिहून देऊ नका. दवाखान्यात अपघाताची नोंद करून घ्या, पोलिसांत तक्रार द्या. शारीरिक इजेची भरपाई त्याच्या विमा कंपनीकडूनच, न्यायाधिकरणामार्फत मिळते. अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, पण तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, अशी तरतूद एप्रिल २०२२ पासून लागू झालीय.