सुया टोचायला लायसन लागतं का?

प्रश्न: मी कोल्हापूरची बीएएमएस, लग्नानंतर एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा डिपेंडंट व्हिसा) कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलेय. पुण्यात असताना वीकेंडचा ॲक्युपंक्चर सर्टिफिकेट कोर्स केला होता. इथे ओळखीतल्या एक काकू गुडघ्यासाठी दर आठवड्याला पैसे मोजून सुया टोचून घेतात. म्हटलं आपणही घरीच सुरू करावं. चालेल का?

उत्तर: नाही हो ताई, अजिबात नका करू. कॅलिफोर्नियात लायसनशिवाय ॲक्युपंक्चर करणं हा चक्क गुन्हा आहे, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा असला तरी तिथल्या कागदावर इथे सुई उचलता येत नाही.

इथला हिशोब तासांचा असतो. राज्याच्या ॲक्युपंक्चर बोर्डाने मान्य केलेल्या कॉलेजात ३,००० तास, त्यातले २,०५० वर्गातले आणि ९५० क्लिनिकमधले, म्हणजे धरून चला तीन-चार वर्षं. वीकेंड कोर्स यात कुठेच बसत नाही, पण बीएएमएसचं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी वाया जाईलच असं नाही, काही क्रेडिट मिळू शकतं, ते कॉलेज ठरवतं, त्यामुळे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागवायला टाका, त्याला वेळ लागतो.

क्लिनिकचे तास उगाच नाहीत बरं का. खांद्यावर, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध एक पॉइंट आहे, जीबी २१, मान आखडली की हमखास वापरतात. तिथे सुई सरळ खाली जरा जास्त गेली की थेट फुप्फुसाला भोक पडू शकतं, आणि पेशंट घरी गेल्यावर त्याला दम लागायला लागतो. कोन किती, खोली किती, हे कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवल्याशिवाय हातात येत नाही.

कॉलेजनंतर राज्याची स्वतःची परीक्षा, बोटांचे ठसे, मग लायसन. आणि हे लायसन कॅलिफोर्नियापुरतंच! बाकीची बरीच राज्यं एनसीसीएओएम (ॲक्युपंक्चरची प्रमाणपत्रं देणारी संस्था, आता नाव एनसीबीएएचएम) हिच्या राष्ट्रीय परीक्षा मागतात. मिस्टरांची बदली टेक्सासला वगैरे व्हायची शक्यता असेल तर ते आधी बोलून घ्या, कॉलेज मग बघा. माझ्या मते लोक इथेच गडबडतात, फी आधी भरतात आणि राज्य नंतर ठरवतात.

एच-४ वर शिकता येतं, कमवायला मात्र ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र हवं. आणि कॉलेजवाले फोनवर काहीही सांगोत, त्यांचं नाव बोर्डाच्या यादीत स्वतः बघितल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.