माळकरी माणूस, गोल टेबल आणि एक मोकळा दिवस

प्रश्न : ताई, कुपवाड एमआयडीसीत आमचा पंपाच्या सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. स्लरी पंपाचे हाय-क्रोम इंपेलर आणि केसिंग पाहायला ऑक्टोबरात चीनमध्ये शिजियाझुआंगला जायचं ठरतंय. चार दिवस काम, एक दिवस मोकळा. अडचणी दोन. मी माळकरी आहे. मांस, मासे, अंडं, दारू काही चालत नाही आणि तिकडची पार्टी रोज रात्री जेवायला नेणार म्हणते. दुसरं, बघण्यासारखं काय आहे विचारलं तर एजंट म्हणतो, 'तिथं काही नाही, सरळ बीजिंगला जाऊन भिंत बघून या.' खरंच काही नाही का?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : तुमचा एजंट त्या गावात कधी मुक्कामाला राहिलेला नाही, एवढं त्याच्या बोलण्यावरून कळलं. मीही २००९ साली पहिल्या खेपेला असंच ऐकून गेले होते. मिरजेच्या एका फौंड्रीचं परचेस तेव्हा माझ्याकडं होतं. मोकळ्या रविवारी भिंत गाठली. दिवस गाड्यांत आणि रांगांत गेला, भिंतीवर जेमतेम पाऊण तास. त्यानंतरच्या नऊ खेपांत बीजिंग मी फक्त विमानतळापुरतं पाहिलं.

आधी तारखा. १ ते ७ ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते. कारखान्याला कुलूप, रेल्वेला जत्रा. तिकिटं १० तारखेनंतरचीच काढा. नोव्हेंबर उजाडला की थंडी आणि धुरकं दोन्ही वाढतात, त्यामुळं लांबवूही नका. बीजिंग वेस्ट स्टेशनवरून बुलेट ट्रेन आहे, २८१ किलोमीटर, सव्वा तासाच्या आसपास. म्हणजे सांगली-पुण्याहून जास्त अंतर आणि आपण कराडलाही पोचलो नसतो. तिकीट पासपोर्टवर निघतं, म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

आता जेवण, कारण खरी काळजी तीच दिसतेय.

पहिल्याच रात्री आम्हाला मोठ्या हॉटेलात नेलं. गोल टेबल, मधोमध फिरती काच. दुभाष्या मुलीला मी 'व्हेजिटेरियन' असं दोनदा सांगितलं होतं. काच फिरत फिरत माझ्यासमोर शेंगा आल्या, श्रावणघेवड्यासारख्या, तेलात परतून सुरकुतलेल्या, वर लाल मिरच्या. वास असा की भाकरी मागावीशी वाटली. घास उचलला तर शेंगांच्या मधून तपकिरी चुरा. मला वाटलं दाण्याचं कूट. तरी विचारलं. ती म्हणाली, "मीट आहे, पण अगदी थोडं, चवीपुरतं." मुलगी खोटं बोलत नव्हती. त्यांच्या हिशेबानं मूठभर खिमा घातलेली भाजी ही भाजीच.

तेव्हा 'मी शाकाहारी' एवढ्यानं भागणार नाही. काय चालत नाही त्याची यादी द्यायची : मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, डुकराची चरबी नाही, कोंबडीचा स्टॉक किंवा पावडर नाही, ऑयस्टर सॉस नाही. शेवटच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. साध्या पालेभाजीत त्याच लपलेल्या असतात. ही यादी चिनीत लिहून घ्या, फोनमध्ये ठेवा आणि प्रिंट काढून खिशातही ठेवा. 'वो छृ सू' म्हणजे मी सू खातो, हे पाठ केलंत तरी बोलून उपयोग कमी. सूर चुकला की त्यांना काही कळत नाही. कागद वाचता येतो.

'सू' हा शब्द मात्र मोलाचा आहे. बौद्ध भिक्खूंचं जेवण ते सू. त्यात कांदा-लसूणही नसतो. म्हणून माझा सल्ला असा, की तुळशीची माळ शर्टाच्या आत ठेवू नका, बाहेर दिसू द्या. तिकडच्या जपमाळेतही १०८ मणी असतात. माळेकडं बोट दाखवून 'सू' म्हणालात की समोरचा म्हातारा मालक स्वतः उठून स्वयंपाकघरात जाईल. आमचे एक माळकरी फोरमन माझ्याबरोबर आले होते, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जेवायला मिळालं. मला नुसता शब्द होता, त्यांना पुरावा होता.

काय मागवायचं? 'तू-दौ स्स', म्हणजे बटाट्याचा बारीक कीस मिरची-व्हिनेगरवर परतलेला. बटाटा कच्चट वाटेल, तो तसाच करकरीत ठेवतात, परत पाठवू नका. 'दी सान श्येन', म्हणजे वांगं, बटाटा, ढोबळी मिरची. 'पाय ह्वांग-ग्वा' ही ठेचलेली काकडी, लसूण घालून. आपल्या खमंग काकडीची लांबची बहीण. भात मागा, वाफवलेला पाव मागा. तो प्रांत गव्हाचा आहे, पिठाला तोटा नाही. तीळ लावलेली शाओपिंगही मिळेल. ती मातीच्या मोठ्या रांजणात आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात, तंदूरच म्हणा. घेताना कागद दाखवा. टोमॅटोची भाजी मात्र सांभाळून. ती बहुधा अंड्यासकटच येते आणि त्यांना ती सगळ्यात निरुपद्रवी वाटते.

अशाच एका पावाची गोष्ट. स्टेशनबाहेर ड्रायव्हरनं प्रेमानं एक गरम, खुसखुशीत पाव आणून हातात ठेवला. आत काहीतरी लालसर. मी खुणेनं विचारलं, काय? त्यानं दोन्ही तळवे कानाजवळ नेले, हलवले आणि मान वर करून ओरडून दाखवलं. गाढव! हपै, म्हणजे शिजियाझुआंगच्याच प्रांतातली ती नामी चीज आहे, लांबून लोक खायला येतात. मी हात जोडले, त्यानं स्वतःचा आणि माझा, दोन्ही पाव खाल्ले.

दारूचं थोडक्यात. तिथली 'हंगश्वेई लाओबायगान' ६७ टक्क्यांचीही मिळते. ती शेतात फवारावी अशी आहे. 'गानबेई' म्हणजे पेला कोरडा करा. नकार पहिल्या पेल्याआधी द्यायचा, हसून, माळेला हात लावून. एकदा ओठ लावला की पुढं नाही म्हणता येत नाही. चहाचा पेला दोन्ही हातांनी उचला आणि टेकवताना आपली कड वडीलधाऱ्याच्या पेल्याखाली ठेवा. एवढं केलंत की मान राखला गेला. यजमान दाराकडं तोंड करून बसतो, तुम्ही त्याच्या उजवीकडं. जेवण सहाला सुरू होतं, त्यामुळं दुपारी चारला बिस्किटं खाऊन बसू नका. काड्या भातात उभ्या खोचू नका, ते मयताच्या नैवेद्याचं चिन्ह. पाणी मागितलंत तर गरम येईल, घोट घोट प्या.

आता तो मोकळा दिवस. गाडी दिवसभरासाठी ठरवा. सकाळी उत्तरेला झेंगडिंग, दुपारनंतर आग्नेयेला झाओझोउचा पूल.

झेंगडिंग शहराला लागूनच आहे, हुतुओ नदीपलीकडं. तिथलं लोंगशिंग मंदिर तुमच्यासारख्या ओतकामवाल्यानं चुकवलं तर मी रागावेन. आत ग्वानयिनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवीची, काशाची उभी मूर्ती आहे, वीस मीटरहून उंच, बेचाळीस हातांची. ९७१ साली सोंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या हुकमानं ओतली. एका भट्टीत हे होणं शक्य नाही, म्हणून सात टप्प्यांत ओतली : आधी कमळाची बैठक, मग गुडघ्यांपर्यंत, बेंबीपर्यंत, छातीपर्यंत, काखेपर्यंत, खांद्यांपर्यंत आणि शेवटी डोकं. प्रत्येक वेळी खालचं काम थंड झालेलं, वरून नवा वितळलेला रस. गार धातूवर गरम धातू धरायला लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडं फूटभराच्या कास्टिंगला कोल्ड शट येत होता, म्हणजे धातूचे दोन प्रवाह नीट न जुळता मधे फट राहायची. मी पंधरा मिनिटं मान मोडेपर्यंत वर बघत सांधे शोधत होते. रखवालदार जवळ येऊन उभा राहिला, त्याला वाटलं बाईला चक्कर येतेय. बाजूचे हात मात्र आता लाकडी आहेत, मूळचे गेले. त्याच आवारात १०५२ चा मोनी हॉल आहे. त्याच्या मागच्या बाजूला एक पाय गुडघ्यावर टाकून निवांत बसलेली दुसरी ग्वानयिन बघा. देवीला इतकं घरच्यासारखं बसलेलं मी कुठं पाहिलं नाही.

पूल शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर. ली छुन नावाच्या गवंड्यानं ५९५ ते ६०५ या काळात बांधलेला, दगडी, एकाच कमानीचा, ३७ मीटरचा गाळा. आपला सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. नुसता जुना म्हणून नाही, सांगलीकरानं तो पुराच्या नजरेनं बघावा. मुख्य कमानीच्या दोन्ही खांद्यांत दोन-दोन छोट्या कमानी मोकळ्या सोडल्यात. पाणी चढलं की ते तिथून निघून जातं, पुलाला धक्का कमी बसतो, वर दगडाचं वजनही वाचतं. २०१९ ला आयर्विनवर ५७ फूट पाणी आपण काठावर उभं राहून पाहिलं. त्या पोकळ खांद्यांसमोर उभी राहिले तेव्हा मला तेच आठवलं. मोठी कमानही एकसंध नाही. शेजारी-शेजारी लावलेल्या २८ अरुंद कमानी आहेत, म्हणजे एक ढिली झाली तर तेवढीच दुरुस्त करायची. आता वाहनं जात नाहीत, चालत जाता येतं. परतताना त्याच गावातलं बायलिन मंदिर आहे. आल्या-गेल्या प्रत्येकाला 'चहा घ्या' एवढंच सांगणारे झेन गुरू झाओझोउ तिथलेच. उजेड असेल तरच थांबा.

आणि एक ठिकाण शहरातच आहे, त्याला मोकळा दिवस लागत नाही, जेवणाची सुट्टी पुरते. झोंगशान रस्त्याच्या पश्चिम भागात हुतात्म्यांचं मोठं स्मारक-उद्यान आहे. तिथं आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ ला काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच गेले, वय ३२. कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांची समाधीही त्याच आवारात. मी आत जाऊन अर्धा तास 'कोटणीस' शोधत फिरले. कुणाला कळेना. शेवटी ड्रायव्हरला लिहून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, ख दी-ह्वा!" हे त्यांचं चिनी नाव. त्याला ते शाळेपासून माहीत होतं. तेव्हा तुम्ही 'ख दी-ह्वा' म्हणूनच विचारा. कोटणीसांनी तिकडच्याच ग्वो छिंगलानशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा : 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा मूल काही महिन्यांचं होतं. मी त्या दिवशी दुपारच्या मीटिंगला उशिरा पोचले. का उशीर झाला ते सांगितल्यावर मालकानं दरावर घासाघीस केली नाही, असं म्हणायला आवडलं असतं. केली. पण आधी उभा राहून चहा ओतला.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलगा कंपनीच्या कामानं चीनला चाललाय. तिकडच्या लोकांना द्यायला कंपनीचं नाव घातलेली भिंतीवरची घड्याळं आणि कंदी पेढे असं ठरवलंय. चालेल ना?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : दोन्ही नाही! 'घड्याळ भेट देणे' आणि 'अंत्यविधीला जाणे' यांचा उच्चार त्यांच्या भाषेत सारखाच होतो. आमच्या साहेबांनी एकदा चोवीस घड्याळं नेली होती, ती सगळी परत आणायची वेळ आली. पेढे दुधाचे, आणि दुधाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात. ते जाण्याआधी घरीच खा.

मी मिरजेहून छोटा शोभेचा तंबोरा नेला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. शिजियाझुआंगच्या त्या मालकानं तो ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय, येईल त्याला दाखवतो. शेवटच्या खेपेला पाहिलं तर एक तार तुटली होती. कुपवाडकर, तुमची गाठ त्याच माणसाशी पडली तर मला कळवा, तार मी देते.