बॅगपाइपवर क्लबचा बीट बसतो का? बसतो की!

प्रश्न असा आहे: "स्कॉटलंडचं पारंपरिक गॅलिक संगीत आणि इलेक्ट्रॉनिक डान्स बीट एकत्र करणारा चांगला बँड कोणता? आणि भाषा अजिबात कळत नसेल तर ऐकण्यात मजा आहे का, की नुसतं रीमिक्स टाइप प्रकरण असतं?"

नाइटवर्क्स. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे चौघं, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), बास, ड्रम्स आणि चौथा पाइप्सवाला. पहिला पूर्ण अल्बम 2015 चा, नाव 'एनडब्ल्यू', दुसरा 2018 चा, 'आर फार अन ला'. 2024 मध्ये त्यांनी बँड गुंडाळला, म्हणजे लाइव्ह आता मिळायचे नाहीत, पण रेकॉर्डिंग्ज आहेत.

आता लांबड, कारण या विषयावर मला कोणी विचारतच नाही.

मी ग्लासगोला मास्टर्स करत होतो आणि संध्याकाळी एका टेकअवेच्या किचनमध्ये कांदे चिरायचो. सोबत काम करणारी एक मुलगी लुईस बेटावरची, घरी गॅलिक बोलणारी (तिकडे गॅलिकच म्हणायचं, गेलिक म्हटलं की लोकांना आयरिश भाषा वाटते, तिने मला पहिल्याच आठवड्यात दोनदा टोकलं होतं). ती एकदा म्हणाली चल, बॅरोलँडला बेटांवरचा बँड आहे. माझ्या डोळ्यासमोर किल्ट घातलेले काका, लग्नातला बॅगपाइप, फार तर टाळ्या. बॅरोलँड म्हणजे शहराच्या पूर्वेकडचा जुना डान्स हॉल, बाहेर भलीमोठी निऑनची पाटी आणि आत उसळी घेणारा लाकडी फ्लोअर, सगळे एकदम नाचायला लागले की खालची जमीन खरोखर हलते. दिवे गेले, पोटात जाणवेल इतका खालचा बास सुरू झाला आणि त्यावर एकटीच बाई गायला लागली, ताल नाही काही नाही. मागे बिअर घेऊन उभे असलेले पण गप्प. दोनतीन कडवी तशीच गेली, मग धृपदाची ओळ आली तर माझ्या आजूबाजूचा अर्धा हॉल ती ओळ गायला लागला आणि तेव्हा कुठे ड्रम पडला. अंगावर काटा आला राव. मी त्या मुलीला ओरडून विचारलं हे कोणाचं गाणं आहे, ती म्हणाली कापड बडवायचं गाणं आहे.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच. बेटांवर हातमागावर विणलेलं लोकरी कापड आधी सैल आणि खरखरीत असायचं, ते घट्ट करायला बायका लांब फळीभोवती बसायच्या, ओलं कापड फळीवर आपटायच्या आणि शेजारणीकडे सरकवायच्या, नेहमी घड्याळाच्या दिशेने, उलटं फिरवलं तर अपशकुन. कापड भिजवायला साठवून शिळं केलेलं मूत वापरायचे, कारण त्यातल्या अमोनियाने रंग पक्का होतो आणि लोकरीचा तेलकटपणा जातो (हे मला किचनमध्येच सांगितलं, समोर करी उकळत होती). एकजण ओळ म्हणणार, बाकीच्या सगळ्या हि-रि-हो-रो सारखं अर्थ नसलेलं धृपद म्हणणार, आणि प्रत्येक ठोक्याला फळीवर धप्प. अधूनमधून मधल्या बोटाने मोजून बघायचं किती आटलंय, नसेल पुरेसं आटलं तर अजून एक गाणं, पण तेच गाणं त्या बैठकीत परत म्हणायचं नाही, तेही अपशकुनी. आपल्याकडे जात्याच्या घरघरीवर ओवी चालते ना, तसं हे धपधप वर चालायचं, फरक इतकाच की जात्यावर एकदोघी आणि इथे डझनभर बायका.

आता बघा, डझनभर हात एका वेळी फळीवर पडतायत, सरळ, न चुकता, तासभर. हा किक ड्रमच (क्लबच्या गाण्यात सतत पडणारा खालचा जाड ठोका) झाला की! म्हणून मला "जुन्या गाण्याला मॉडर्न बीट लावला" हे वाक्य इथे पटत नाही. बीट गाण्यात आधीपासून होता, कापड गेलं आणि ठोका गायब झाला, या पोरांनी तो परत आणून ठेवला. आणि हिशोबही बसतो, हाऊस म्युझिक म्हणजे क्लबातलं नाचाचं संगीत साधारण 120 ते 128 बीपीएमला (मिनिटाला तेवढे ठोके) चालतं, गाणं 60 ला संथ असेल तरी ड्रम दुप्पट करून खाली घालता येतो, गाणारीला घाई करावी लागत नाही. रील नावाची त्यांची नाचाची धून आपल्या केरव्यासारखी चाराची असते, ती तर अलगद बसते. जिग मात्र सहाची, दादऱ्याच्या अंगाची, ती सरळ धाडधाड किकवर टाकली की लंगडते, कितीतरी बँड तिथेच फसतात.

पाइप्सचं वेगळं नाटक आहे. हायलँड बॅगपाइपला सूर फक्त नऊ, आवाज कमीजास्त करता येत नाही, आणि पिशवीतली हवा सतत चालू असल्याने मधे थांबताही येत नाही. तोच सूर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या सुराचा चिमटा काढावा लागतो, आपण ज्याला नुसते अलंकार समजतो ते खरं तर सूर तोडायची सोय आहे. मागे खर्ज तानपुऱ्यासारखा अखंड चालू. आता गंमत अशी की पाइपचा मुख्य सूर पेटीवरच्या काळी पाचच्या आसपास पडतो, पण नेमका काळी पाचवर नाही, आजकालचे पाइप्स तिच्याहून चांगलेच चढे लावलेले असतात. एकटा वाजला तर झकास, सिंथ बरोबर वाजला की कानात वाळू. मग एकतर सिंथ चढवायचा, नाहीतर पाइपला खालच्या सुराची वेगळी नळी बसवायची, नाहीतर लहान आणि मवाळ आवाजाचे पाइप्स घ्यायचे. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांचं गाणं दहा सेकंदात ओळखू येतं. यूट्यूबवर 'सेल्टिक' नाव लावलेला अर्धा डान्स माल असाच आहे, चार मात्रांची पाइपची तान कापायची, तीच तीच चिकटवायची आणि वर ड्रॉप (बीट क्षणभर रोखून एकदम जोरात सोडायचा). गणपतीत डीजेवाला लावणीचं जे करतो तेच, तिकडे धुक्याचे फोटो लावून.

पण या सगळ्याचा बाप मार्टिन बेनेट. याला वगळून नाइटवर्क्स ऐकू नका. जन्म 1971, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचा, आई मार्गारेट बेनेट स्वतः गायिका आणि लोकसाहित्याची अभ्यासक. पोरगा पाइप्स वाजवायचा, व्हायोलिन आणि पियानो क्लासिकल पद्धतीने शिकला आणि नव्वदच्या दशकात एडिनबराच्या क्लबांत रमला. 1997 ला 'बॉथी कल्चर' काढला. 2000 मध्ये कॅन्सर निघाला, ट्रीटमेंट लांबली, अंगात वाजवायचं त्राण राहिलं नाही आणि एका दिवशी संतापात स्वतःची वाद्यं फोडून टाकली. मग हातात काय उरलं? कॉम्प्युटर आणि जुनी रेकॉर्डिंग्ज. भटक्या समाजातल्या गायिका, बेटांवरच्या गॅलिक गायिका, यांचे जुने आवाज घेऊन त्याने त्याभोवती 'ग्रिट' बांधला, 2003 चा. 2005 च्या जानेवारीत गेला, वय 33. 'ग्रिट'मध्ये 'लिबरेशन' म्हणून एक ट्रॅक आहे, गॅलिक चर्चमधलं स्तोत्रगायन घेतलंय. त्या प्रकारात एकजण ओळ सांगतो आणि बाकीचे मागून येतात, पण प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत, त्यामुळे लाट फुटल्यासारखं ऐकू येतं. पुढे 2015 मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक कनेक्शन्स फेस्टिवलला 'ग्रिट' अख्खा ऑर्केस्ट्राने वाजवला, सगळे माणसांनी, लॅपटॉपमधला माल परत हातांत. मला तो प्रकार मूळ अल्बमपेक्षा थोडा कमी आवडतो, पण हे म्हटलं की तिकडे भांडणं होतात.

भाषेचं म्हणाल तर, मला आजही दहा शब्द येतात. चालतं. धृपदाला अर्थ नसतोच, तिथे तुम्ही आणि गॅलिकवाला सारखेच. पण एखाद्या गाण्याचा अर्थ आधी वाचून बघा, मजा दुप्पट होते. केपरकेली या स्कॉटिश बँडने 1992 ला 'कोशिच अ रून' हे कापड बडवायचंच गाणं सिंथ लावून केलं, ब्रिटनच्या टॉप 40 मध्ये पोचलेलं पहिलं गॅलिक गाणं ते. नावाचा अर्थ साधारण "चालत ये, माझ्या जीवा". आणि नाइटवर्क्सच्या पहिल्या अल्बममध्ये एका ट्रॅकवर गाणंच नाही, सोर्ली मॅकलेनचा बोलता आवाज आहे. स्कायला लागूनच रासे बेट आहे तिथला हा कवी, 1996 ला गेला. मेलेला कवी बासवर बोलतोय आणि समोर विशीतली पोरं नाचतायत. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये ही भाषा बोलणारे 57 हजारांच्या आसपास होते हो, आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एवढे लोक असतात.

तर क्रम: आधी टोबर अन दुआलखाश नावाचं फुकट ऑनलाइन आर्काइव्ह आहे, तिथे एखाद्या म्हातारीचं नुसतं गाणं ऐका, वाद्य नसलेलं. मग 'ग्रिट'. मग 'एनडब्ल्यू', आणि हे हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर बास जातोच कुठे. पुढे पीटबॉग फेअरीज आणि वाल्टोस हे बँड, दोन्ही स्कायचेच. शोधताना स्पेलिंगला घाबरू नका, बीएच किंवा एमएच दिसलं की बहुतेक वेळा व म्हणायचं किंवा सरळ गिळायचं, त्या सोर्लीच्या गॅलिक स्पेलिंगमध्येही मधे एक एमएच आहे आणि तो कोणी उच्चारत नाही.

आणि जानेवारीत कोणी त्या बाजूला असाल तर सेल्टिक कनेक्शन्सला जा, बॅरोलँडला काही असेल तर आधी तिथलं तिकीट काढा. जाकीट मात्र क्लोकरूमला द्या. मी वाचवायला गेलो आणि दोन तास तो गाठोडा काखेत धरून नाचलो.