वाचकांचे प्रश्न : शान गाण्यांच्या जुन्या कॅसेटी

प्रश्न : नोकरीनिमित्त मी चार वर्षे थायलंडमधील चिआंग माई येथे होतो. परतताना म्यानमार व आसपास राहणाऱ्या शान समाजातील आमच्या घरमालकीणबाईंनी जुन्या शान गाण्यांच्या २६ कॅसेटी मला दिल्या. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी आहे आणि वेष्टनावरील लिपी मला वाचता येत नाही. गाणी संगणकावर उतरवून घेऊन कॅसेटी टाकून दिल्या तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कॅसेटी कृपया टाकू नका. ब्रह्मदेशात १९७०च्या दशकात पाश्चात्त्य चालींवर ब्रह्मी शब्द बसवलेल्या ‘कॉपी’ गाण्यांची चलती असताना गायक साई टी साइंग आणि पेशाने डॉक्टर असलेले गीतकार साई खाम लेइक यांच्या ‘द वाइल्ड वन्स’ या बँडने स्वतःच्या चालींचा आग्रह धरला. १२ फेब्रुवारी १९४७ च्या पांगलाँग करारात शान व इतर डोंगरी समाजांना स्वायत्ततेची वचने दिली गेली होती; त्यांची आठवण देणारे गाणे गायल्याबद्दल गायक साई साय माव यांना तुरुंगात जावे लागले. सेन्सॉरच्या त्या काळात ही गाणी कॅसेटींवरूनच घरोघरी पोहोचली, त्यामुळे तुमच्या खोक्यातली एखादी प्रत दुर्मीळ असू शकते.

बुरशी लागलेली कॅसेट मात्र एकदाही वाजवून पाहू नका, कारण ती बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या फितीला लागते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि त्यांची सफाई जाणकाराकडूनच करून घ्या. उरलेल्यांमध्ये फितीमागचा फेल्टचा इवलासा चौकोन जागेवर आहे का, ते पाहा. डिंक सुकून तो गळाला असेल, तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. तो नवा बसवता येतो. फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंद असल्याने हेडचा कल जरासा चुकला तरी वरचे सूर हरवतात. म्हणून प्रत्येक कॅसेटसाठी झांजेचा आवाज सर्वांत स्वच्छ येईपर्यंत तो कल जुळवून घ्यावा. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये करावी. एमपीथ्री केवळ ऐकण्यापुरती.

माझ्या मते खरी हेळसांड नावांच्या बाबतीत होते. येथील ‘साई’ म्हणजे आपले साई नव्हेत. तो शान पुरुषांच्या नावाआधी लागणारा शब्द आहे, जसा स्त्रियांच्या नावाआधी ‘नांग’. त्याला पहिले नाव समजून यादी केली, तर सगळे गायक ‘स’खाली गोळा होतील. शान लिपीतील नावे टंकताना फक्त युनिकोड ही अक्षरांची जागतिक प्रमाण पद्धतच वापरावी, कारण म्यानमारमध्ये वर्षानुवर्षे रूढ असलेल्या झॉजी फाँटने शान अक्षरांच्या जागा ब्रह्मी जोडाक्षरांसाठी वापरल्या होत्या आणि त्यात लिहिलेली नावे दुसऱ्या संगणकावर भलतीच दिसतात. वेष्टनांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, पेनाने लिहिलेला मजकूरही सोडू नका.

ही छायाचित्रे घरमालकीणबाईंना पाठवा आणि फोनवर त्यांना एकेक वेष्टन वाचायला सांगून ते बोलणे त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. कोणती कॅसेट कुठून आणली, कोणते गाणे घरात कोण गुणगुणत असे, हे त्यांच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही, तेव्हा बुरशीच्या सफाईआधी हा फोन करा.